डोके-मान कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे अमेरिकेतील सर्जनच्या बिलिंगसाठी, म्हणजे प्रामुख्याने सीपीटी (डॉक्टरांनी केलेल्या कामांचे कोड) कोडिंगसाठी आहेत. सीपीटी संच अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा. तो पहिल्यांदा १९६६ मध्ये आला आणि दरवर्षी १ जानेवारीपासून नवी आवृत्ती लागू होते. त्यामुळे खालचा कोणताही कोड क्लेमवर टाकण्याआधी सर्व्हिसच्या तारखेला लागू असलेल्या पुस्तकात तपासून घ्या. मूलभूत कोडिंग येते, पण डोके-मानेच्या केसेस हातात आल्या की गडबडायला होते, अशांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

या केसेस इतक्या किचकट का वाटतात?

कारण एकाच भुलीत चार वेगवेगळी कामे होतात: गाठ काढणे, मानेतल्या लसीकाग्रंथी काढणे, श्वासाची वाट सुरक्षित करणे आणि झालेली पोकळी भरून काढणे. यातली काही कामे एकाच कोडमध्ये आधीच बांधलेली असतात, काहींना स्वतंत्र कोड असतो. कोणते बांधलेले आणि कोणते सुटे, हे ओळखणे हाच या कोडिंगचा गाभा. कोड पाठ असून भागत नाही.

ऑप नोट, म्हणजे सर्जनने लिहिलेली शस्त्रक्रियेची नोंद, हातात आली की आधी काय वाचायचे?

वरची ‘केलेली शस्त्रक्रिया’ ही यादी वाचा आणि बाजूला ठेवा. कोड ठरतो तो खालच्या सविस्तर वर्णनावरून. यादी बऱ्याचदा जुन्या टेम्प्लेटमधून आलेली असते. वर ‘रॅडिकल नेक डिसेक्शन’ लिहिलेले असते आणि खाली चौथ्या परिच्छेदात ‘स्पायनल ॲक्सेसरी नस ओळखून जपली’ असे वाक्य सापडते. त्या एका वाक्याने कोड बदलतो.

वर्णन वाचताना तीन गोष्टींवर खूण करा: काय काढले, काय जपले आणि कोणत्या बाजूचे. बाकी सगळे, म्हणजे टाके कोणते, ड्रेन किती, रक्तस्राव कसा थांबवला, हे कोडिंगच्या दृष्टीने शस्त्रक्रियेचाच भाग.

रॅडिकल, मॉडिफाइड रॅडिकल आणि सिलेक्टिव्ह नेक डिसेक्शन यांत कोडच्या दृष्टीने फरक काय?

जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या रॅडिकल नेक डिसेक्शनमध्ये लेव्हल एक ते पाच (मानेचे ठरलेले भाग) या सगळ्या ग्रंथी निघतात आणि त्यांच्यासोबत तीन महत्त्वाच्या रचनाही जातात: स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड स्नायू, अंतर्गत जुगुलर शीर आणि स्पायनल ॲक्सेसरी नस. याचा कोड ३८७२०.

या तिघांपैकी एक जरी जपली, तर ते मॉडिफाइड रॅडिकल होते आणि कोड ३८७२४ होतो. हल्ली बहुतेक केसेस याच गटात येतात, कारण ॲक्सेसरी नस गेली की खांदा पडतो आणि सर्जन ती जपायचा शक्य तितका प्रयत्न करतात.

सिलेक्टिव्ह डिसेक्शनमध्ये ठरावीक लेव्हल्सच काढतात. तोंडाच्या कर्करोगात सहसा एक ते तीन किंवा एक ते चार, स्वरयंत्राच्या कर्करोगात दोन ते चार. सिलेक्टिव्हसाठी सीपीटीमध्ये स्वतंत्र कोड नाही, ते ३८७२४ मध्येच जाते. नवखे कोडर इथे ३८७०० कडे वळतात. पण ३८७०० हा सुप्राहायॉइड, म्हणजे हायॉइड हाडाच्या वरच्या भागापुरत्या मर्यादित डिसेक्शनचा कोड आहे. सर्जन लेव्हल तीन-चारपर्यंत खाली उतरले असतील, तर तो लागू नाही. ‘सुप्राओमोहायॉइड’ वाचून ३८७०० लावणे ही तर हमखास दिसणारी गफलत. सुप्राओमोहायॉइड म्हणजे लेव्हल एक ते तीन, त्याचा कोड ३८७२४.

नोटमध्ये लेव्हल्सच लिहिलेल्या नसतील तर पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये नमुन्यांवरची लेबले पाहा. अंदाज बांधायला त्यांची मदत होते. कोड मात्र सर्जनच्या नोटमधूनच यायला हवा.

४११३५, ४११५५, ३१३६५ अशा कोडमध्ये नेक डिसेक्शन आधीच धरलेले असते. मॉडिफाइड रॅडिकल केले असेल तर हेच लावायचे का?

नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जिभेच्या कोडची रचना पाहा. ४११२० म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी जीभ काढणे, ४११३० म्हणजे अर्धी जीभ. ४११३५ म्हणजे जिभेचा काही भाग आणि एका बाजूचे रॅडिकल नेक डिसेक्शन. पूर्ण जीभ काढली तर नेक डिसेक्शनशिवाय ४११४० आणि एका बाजूच्या रॅडिकलसह ४११४५. त्यापुढे कंपोझिट कोड येतात. जीभ, तोंडाचा तळ आणि जबड्याचे हाड काढले, पण रॅडिकल नेक नाही, तर ४११५०. जीभ आणि तळ, सोबत सुप्राहायॉइड डिसेक्शन, तर ४११५३. जीभ, तळ, जबडा आणि रॅडिकल नेक असे सगळे असेल तर ४११५५. याच शेवटच्याला ‘कमांडो’ म्हणतात.

या वर्णनांत ‘रॅडिकल’ हा शब्द ३८७२० च्याच अर्थाने आहे. म्हणून अर्धी जीभ आणि मॉडिफाइड रॅडिकल असेल तर ४११३० आणि सोबत ३८७२४. जीभ, तळ, जबडा आणि सिलेक्टिव्ह डिसेक्शन असेल तर ४११५० आणि ३८७२४. ‘कमांडो’ हा शब्द वर दिसला म्हणून ४११५५ लावू नका. कित्येक सर्जन तो शब्द सैलपणे वापरतात.

स्वरयंत्राचेही तसेच. पूर्ण स्वरयंत्र काढणे ३१३६०, रॅडिकल नेकसह ३१३६५. स्वरयंत्राचा वरचा भाग काढणे ३१३६७, रॅडिकलसह ३१३६८. मॉडिफाइड असेल तर ‘शिवाय’वाला कोड आणि सोबत ३८७२४.

उलट दिशेचीही चूक होते. खरोखर रॅडिकल नेक केले असताना ४११३० आणि ३८७२० असे दोन तुकडे करणे म्हणजे सरळसरळ अनबंडलिंग. तिथे ४११३५ च लावायला हवा.

दोन्ही बाजूंची मान केली असेल तर?

दोन्हीकडे ३८७२४ असेल तर मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) ५०, मेडिकेअर म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा १५० टक्के देते. एका बाजूला रॅडिकल आणि दुसऱ्या बाजूला मॉडिफाइड असेल, तर कॉम्बिनेशन कोडमध्ये एकच बाजू येते हे लक्षात ठेवा. दुसरी बाजू ३८७२४ ने वेगळी दाखवा, त्यावर बाजू सांगणारा एलटी किंवा आरटी आणि गरजेनुसार ५९ किंवा एक्सएस (दोन्ही ‘हे काम वेगळे’ सांगणारे मॉडिफायर) लावा.

सबमँडिब्युलर ग्रंथीचा ४२४४० वेगळा लावता येतो का?

त्याच बाजूची लेव्हल एक काढली असेल तर नाही. ग्रंथी त्याच लेव्हलमध्ये असते आणि त्याच तुकड्यात निघते.

ट्रेकिओस्टॉमी वेगळी बिल होते का?

३१६०० च्या वर्णनातच ‘स्वतंत्र प्रक्रिया’ असा शिक्का आहे, म्हणजे मोठ्या कामाचा अविभाज्य भाग असेल तेव्हा ती वेगळी मोजायची नाही. स्वरयंत्र काढताना श्वासनलिका मानेवर उघडावीच लागते, त्यामुळे तिथे नाही. पूर्ण जीभ काढण्याच्या ४११४० मध्ये ‘ट्रेकिओस्टॉमीसह किंवा शिवाय’ असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे तिथेही नाही. अर्धी जीभ काढून फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तपुरवठ्यासह घेतलेला तुकडा) लावला आणि सुजेच्या भीतीने श्वासमार्ग सुरक्षित केला, तर त्या केसमध्ये ३१६०० चा विचार करता येतो. मात्र त्या तिमाहीतील एनसीसीआय एडिट (कोणते दोन कोड एकत्र चालत नाहीत याची यादी) पाहूनच, आणि ट्रेकिओस्टॉमी का केली हे नोटमध्ये लिहिलेले असेल तरच.

त्याच दिवशी आधी लॅरिंगोस्कोपी किंवा बायोप्सी केली होती. ती लावू का?

निदान आधीच झालेले आहे आणि सर्जनने गाठीची हद्द पुन्हा एकदा पाहून घेतली, तर नाही. ती पाहणी शस्त्रक्रियेचाच भाग आहे. पण त्या एंडोस्कोपीतून किंवा फ्रोझन सेक्शनच्या (शस्त्रक्रिया चालू असतानाच होणाऱ्या ऊतीच्या तपासणीच्या) निकालातून मोठी शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरले असेल, तर ती मॉडिफायर ५८ सह वेगळी दाखवता येते. निकाल पाहून निर्णय घेतल्याचे नोटमध्ये लिहिलेले असायला हवे. कडा स्वच्छ आहेत का हे पाहायला पाठवलेले फ्रोझन सेक्शन यात बसत नाही.

फ्री फ्लॅपचा कोड कसा निवडायचा?

कुठे लावला यापेक्षा त्यात काय उचलले, यावर. फक्त त्वचा आणि खालचा फॅशियाचा थर असेल तर १५७५७. मनगटाजवळचा रेडियल फोरआर्म फ्लॅप यात येतो. स्नायू किंवा स्नायूसह त्वचा असेल तर १५७५६. नुसता फॅशिया असेल तर १५७५८. हाड आणि त्वचा एकत्र असेल तर सहसा २०९६९. जबड्यासाठी वापरला जाणारा फिब्युलाचा ऑस्टिओक्युटेनियस फ्लॅप इथे येतो. इलियाक क्रेस्टमधून घेतला तर २०९७०. फिब्युलाचे फक्त हाड रक्तवाहिन्यांसह घेतले, त्वचा घेतली नाही, तर २०९५५.

मांडीच्या एएलटी फ्लॅपकडे नीट बघा. नुसती त्वचा आणि फॅशिया असेल तर १५७५७, पण व्हास्टस लॅटरॅलिस स्नायूचा तुकडाही सोबत घेतला असेल तर १५७५६. नोटमध्ये कुठेतरी ‘स्नायूची कड सोबत ठेवली’ असे अर्धे वाक्य असते. ते फ्लॅपचा भाग म्हणून घेतले की केवळ रक्तवाहिनीला संरक्षण म्हणून, हे सर्जनला विचारावे लागते.

फ्लॅप उचलणे, रक्तवाहिन्या जोडणे, जागी बसवणे आणि फ्लॅप घेतलेली जागा सरळ टाके घालून बंद करणे हे सगळे त्याच कोडमध्ये येते. ऑपरेटिंग मायक्रोस्कोपचा ६९९९० या कोडसोबत लावू नये, असे सीपीटीच सांगते. ती जागा झाकायला त्वचारोपण करावे लागले तर ते मात्र वेगळे: हात, पाय किंवा धडावर पहिल्या १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत १५१००, पुढच्या प्रत्येक १०० साठी किंवा त्याच्या भागासाठी १५१०१. क्षेत्रफळ मोजायचे ते झाकलेल्या जागेचे. त्वचा जिथून घेतली तिथले नाही.

पेक्टोरालिस मेजर फ्लॅप मानेत लावला तर १५७३३ ना?

नाही, १५७३४. पेडिकल्ड (मूळ रक्तपुरवठा न तोडता वळवलेल्या) स्नायू फ्लॅपचे हे कोड फ्लॅप जिथून उचलला त्या जागेवरून ठरतात. पेक्टोरालिस छातीचा, म्हणून धडाचा कोड. १५७३३ हा २०१८ पासून आलेला कोड डोके-मानेतल्याच ठरावीक स्नायूंसाठी आहे: टेम्पोरॅलिस, मॅसेटर, स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड वगैरे.

दोन सर्जन असतील तर मॉडिफायर ६२ लावायचाच ना?

दोन नावे दिसली की ६२ लावायची सवय मोडा. एकाने गाठ आणि मान केली आणि दुसऱ्याने फ्लॅप, तर दोघांचे कोड वेगळे. प्रत्येकजण आपापला कोड ६२ शिवाय लावतो. ६२ फक्त तेव्हाच, जेव्हा एकाच कोडचे वेगवेगळे भाग दोन सर्जन प्रमुख म्हणून करतात आणि दोघेही आपली स्वतंत्र नोट लिहितात. उदाहरणार्थ, एकाने फिब्युला उचलला आणि दुसऱ्याने तो जबड्यात बसवून रक्तवाहिन्या जोडल्या. तेव्हा मेडिकेअर प्रत्येकाला ६२.५ टक्के देते. दुसरा सर्जन फक्त मदतनीस असेल तर ८०. शिक्षण रुग्णालयात योग्य रेसिडेंट उपलब्ध नसेल तर ८२. मेडिकेअरचा मदतनीस दर १६ टक्के आहे.

एखादी पूर्ण केस सोडवून दाखवाल का?

नमुना नोट अशी समजा: डाव्या जिभेच्या कडेचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. अर्धी जीभ काढली. डाव्या मानेच्या लेव्हल एक ते चार काढल्या, नस, शीर आणि स्नायू जपले, सबमँडिब्युलर ग्रंथी नमुन्यासोबत गेली. सूज येण्याची शक्यता असल्याने ट्रेकिओस्टॉमी. दुसऱ्या सर्जनने डाव्या मनगटातून रेडियल फोरआर्म फ्लॅप घेऊन जीभ पुन्हा घडवली, मनगटावरची ६ × ९ सेंटीमीटर जागा मांडीच्या त्वचेने झाकली. अन्न देण्यासाठी नाकातून नळी टाकली.

पहिल्या सर्जनचे कोड: ३८७२४-एलटी, ४११३० आणि एडिट तपासून ३१६००. क्रम आरव्हीयूच्या (प्रत्येक कोडला ठरवून दिलेल्या मूल्याच्या एककाच्या) उतरत्या मूल्याने लावायचा. मुख्य आजार जिभेचा असला तरी पहिल्या ओळीवर मानेचा कोड येतो, कारण त्याचे मूल्य जास्त. मेडिकेअरचा नियम पहिल्याला १०० टक्के आणि पुढच्यांना ५० टक्के असा असल्यामुळे क्रमाला महत्त्व आहे.

दुसऱ्या सर्जनचे कोड: १५७५७ आणि १५१००. जागा ५४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १५१०० एकदाच.

न लावायचे कोड: ४२४४०, ६९९९०, ४११३५ आणि नळी टाकण्याचा कोड. निदान: सी०२.१, जिभेची कड. पॅथॉलॉजीत मानेतल्या ग्रंथी बाधित निघाल्या तर सोबत सी७७.०.

रोबोटने शस्त्रक्रिया केली तर वेगळा कोड आहे का?

तोंडातून रोबोटने करायच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये मान्यता दिली, पण सीपीटीत तिच्यासाठी वेगळा कोड नाही. जे काढले त्याचाच कोड लावायचा. टॉन्सिलच्या भागातले मोठे काम असेल तर ४२८४२, स्थानिक फ्लॅपने बंद केले तर ४२८४४, इतर फ्लॅपने केले तर ४२८४५. एचसीपीसीएस या दुसऱ्या कोडसंचात रोबोटसाठी एस२९०० आहे, पण मेडिकेअर एस कोड घेत नाही. काही खासगी विमा कंपन्या माहितीसाठी मागतात, इतकेच.

गालाच्या आतल्या कर्करोगासाठी कोणता कोड?

इथे सीपीटी तोकडा पडतो. तोंडाच्या व्हेस्टिब्यूलमधली (गाल-ओठ आणि हिरड्यांमधल्या जागेतली) गाठ खालच्या स्नायूसह काढली तर ४०८१६ आहे. पण गाल आरपार काढला, बाहेरची त्वचाही गेली, तर तो कोड कामाच्या जवळपासही जात नाही. अशा वेळी अनलिस्टेड ४०८९९ वापरावा, असे माझे मत. सोबत एका पानाचे पत्र द्या: नेमके काय केले, कोणत्या कोडच्या कामाशी ते तुलना करता येईल आणि का. पत्राशिवाय अनलिस्टेड कोड पाठवला तर डिनायल ठरलेलेच. गाठ मागे रेट्रोमोलर ट्रायगोनपर्यंत (खालच्या शेवटच्या दाढेमागच्या भागापर्यंत) गेली असेल तर मात्र ४२८४२ चा गट आधी पाहा.

जबड्याचे हाड काढले तर २१०४५ कधी?

फक्त जबड्याच्या गाठीसाठी काढले तर: मर्यादित काम २१०४४, मूलगामी काम २१०४५. जिभेसोबत कंपोझिट कोड लावला असेल तर हे दोन्ही नाहीत, ते त्यात आहेतच. मागच्या गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी जबडा कापून उघडला आणि शेवटी पुन्हा प्लेटने जोडला, तर ती निव्वळ वाट आहे. वाटेचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

थायरॉइडच्या केसमध्ये काय बदलते?

कर्करोगासाठी थायरॉइड आणि मर्यादित नेक डिसेक्शन, म्हणजे मधल्या भागाच्या ग्रंथी, असेल तर ६०२५२. रॅडिकल नेकसह ६०२५४. बाजूच्या मानेचे मॉडिफाइड डिसेक्शनही केले असेल तर ६०२५२ आणि ३८७२४. पॅराथायरॉइड काढून स्नायूत पुन्हा रोवली तर ॲड-ऑन ६०५१२. नसेचे मॉनिटरिंग सर्जनने स्वतः केले असेल तर ते बिल करता येत नाही.

मॉडिफायर २२ (नेहमीपेक्षा बरेच जास्त काम) कधी चालतो?

आधी रेडिएशन झालेली मान, पुन्हा उलटलेली गाठ, कॅरोटिडला चिकटलेला आजार. कारणे खरी असतात, पण नोटमध्ये ‘अवघड केस’ इतकेच लिहिलेले असते. विमा कंपनीला त्यातून काहीच कळत नाही. नेहमीपेक्षा किती वेळ जास्त लागला, कोणती पायरी का लांबली, हे सर्जनने वेगळ्या परिच्छेदात लिहायला हवे. निदानात झेड९२.३, म्हणजे पूर्वीचे रेडिएशन, जोडा. सगळ्याच केसेसना २२ लावणारा सर्जन खऱ्या केसलाही पैसे गमावतो.

रुग्णाला पुन्हा ओटीत नेले. ५८, ७८ की ७९?

मोठ्या शस्त्रक्रियेचा ग्लोबल काळ (ज्यातली नेहमीची काळजी त्याच फीमध्ये धरलेली असते) ९० दिवस. आदला दिवस आणि शस्त्रक्रियेचा दिवस धरून ९२. या काळात:

फ्लॅपमधली शीर तुंबली किंवा रक्तस्राव झाला आणि मान उघडून पाहिली, तर ७८. नेमके काय केले त्यावर ३५८०० सारखा कोड येतो. मेडिकेअर यात फक्त शस्त्रक्रियेच्या वेळचा हिस्सा देते आणि नवा ग्लोबल काळ सुरू होत नाही.

आधीपासून ठरलेला पुढचा टप्पा असेल तर ५८. पैसे पूर्ण, ग्लोबलही नव्याने सुरू. स्वरयंत्र काढतानाच पुढे बोलण्याच्या व्हॉल्व्हसाठी छिद्र करायचे ठरवून नोंदवले असेल, तर नंतरचा ३१६११ असा जातो. ‘ठरले होते’ हे पहिल्या नोटमध्ये असायला हवे.

संबंध नसलेले काम असेल तर ७९.

मॉडिफायर ५९ लावला की डिनायल टळते ना?

टळते, आणि ऑडिटमध्ये परत येते. एनसीसीआय एडिट्स सीएमएस (मेडिकेअर चालवणारी सरकारी संस्था) १९९६ पासून चालवते, दर तिमाहीला बदलते. जोडीपुढचा आकडा पाहा: ० असेल तर कोणताही मॉडिफायर चालत नाही, १ असेल तर योग्य कारण असल्यास चालतो, ९ म्हणजे ती एडिट आता लागूच नाही. वेगळी बाजू, वेगळा अवयव किंवा वेगळे सेशन असल्याशिवाय ५९ नको. मेडिकेअरमध्ये २०१५ पासून एक्सएस, एक्सई, एक्सपी, एक्सयू हे अधिक नेमके पर्याय आहेत. मला एक्सएस जास्त आवडतो, कारण ‘वेगळी रचना’ कोणती, हे लावताना स्वतःलाच सांगावे लागते.

निदान कोड पॅथॉलॉजी रिपोर्टवरून घ्यायचा का?

सर्जनच्या बिलासाठी, रिपोर्ट आला असेल तर हो. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरच आहेत. इनपेशंट हॉस्पिटल बिलात मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरची पुष्टी लागते, नसेल तर क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी लागते. तोंड आणि घशाच्या कर्करोगात तंबाखू व मद्याचे जोडकोड विसरू नका, आयसीडी-१० मध्ये तशी सूचनाच दिलेली आहे.

हॉस्पिटलच्या बिलात हे सीपीटी कोड का दिसत नाहीत?

इनपेशंट हॉस्पिटल आयसीडी-१०-पीसीएस वापरते, सात अक्षरी. तिथे ‘रॅडिकल’ वगैरे शब्दांना अर्थ नाही. लसीकाग्रंथींची पूर्ण साखळी काढली तर रिसेक्शन, उदा. उजव्या मानेसाठी ०७टी१०झेडझेड. काही ग्रंथीच काढल्या तर एक्सिजन. फ्री फ्लॅप रिप्लेसमेंटमध्ये जातो आणि पेडिकल्ड ट्रान्सफरमध्ये, कारण पेडिकल्डचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला नसतो.

सर्जनला क्वेरी कशी लिहावी?

उत्तर सुचवू नका. ‘हे मॉडिफाइड रॅडिकल होते ना?’ असे विचारणे नियमात बसत नाही. काय दिसते ते लिहा आणि मोकळा प्रश्न विचारा. असे:

‘शीर्षकात रॅडिकल नेक डिसेक्शन लिहिले आहे. वर्णनात स्पायनल ॲक्सेसरी नस जपल्याचे आढळते. जुगुलर शीर आणि स्टर्नोक्लाइडोमास्टॉइडबद्दल उल्लेख सापडला नाही. कृपया काढलेल्या लेव्हल्स, तसेच या तीन रचनांपैकी प्रत्येकीचे काय केले, ते परिशिष्ट नोटमध्ये तारखेसह नोंदवावे.’

उत्तर ईमेलवर आले तर तेवढ्यावर कोड बदलू नका. ते रुग्णाच्या रेकॉर्डमध्ये चढेपर्यंत क्लेम होल्डवर ठेवा.